मूळ घरात, नक्कल गाडीत

माजलगाव तालुक्यातल्या आमच्या दिंद्रुडला दिवाळीत पुण्या-मुंबईहून पोरं येतात, ती हल्ली फराळाबरोबर आजीच्या ओव्याही नेतात. खिशात मावणारा रेकॉर्डर आजीपुढे ठेवायचा आणि तिला जात्यावरचं म्हणायला लावायचं. परतीच्या वाटेवर पेन ड्राइव्ह गाडीच्या टेपला लावला, की मुकाट! मग मला फोन येतो, "काका, आजीचा आवाज गेला का हो?"

आवाज गेलेला नसतो. झालेलं असतं ते असं. यंत्र आवाज साठवतं म्हणजे तो सतत मोजून लिहून ठेवतं. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहिली जाते. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मोजणी पुरते, असा त्यामागचा हिशेब. आजचे चांगले रेकॉर्डर सेकंदाला ९६ हजार वेळा, २४ बिटांत मोजू शकतात. जोंधळा पायलीनं न मोजता चिपट्या-कोळव्यानं मोजावा, तसं हे. हिशेब बारीक होतो, पण वही मोठी लागते. पाच मिनिटांच्या स्टीरिओ ध्वनिमुद्रणाला सीडीच्या मापानं सुमारे ५३ एमबी जागा लागते, तर या बारीक मापानं सुमारे १७३ एमबी. गाडीतल्या पुष्कळ टेपांना ही मोठी वही वाचताच येत नाही.

म्हणून गाडीपुरती लहान नक्कल करायची. संगणकावर 'ऑडेसिटी' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घ्या. त्यात फाईल उघडून 'एक्स्पोर्ट'मध्ये एमपीथ्री निवडा, मोजणी ४४,१०० ठेवा आणि वेग २५६ केबीपीएस. पाच मिनिटांची फाईल १० एमबीच्या आत बसते. पेन ड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा आणि 'फॅट ३२' पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला, तर जुन्या गाड्याही तो सहसा ओळखतात. फॉरमॅट केल्यानं त्यावरचं सगळं पुसलं जातं, एवढं ध्यानात ठेवा. काही टेपांना देवनागरी नावं वाचता येत नाहीत; तिथं फाईलला नुसते क्रमांक द्यावेत.

एवढं लहान केल्यावर आवाज बिघडणार नाही का? एमपीथ्री बनताना मोठ्या आवाजामागे लपणारे, कानाला सहसा न जाणवणारे बारकावे टाकले जातात. इंजिनाची घरघर, टायरचा आवाज आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर असताना हा फरक कळत नाही. ब्लूटूथनं ऐकलं तरी वाटेत आवाज पुन्हा आवळला जातोच.

पण टाकलेलं ते टाकलेलं. चाळून उकिरड्यावर गेलेला कोंडा पिठात परत येत नाही. एमपीथ्रीची पुन्हा मोठी फाईल केली तर वही जाड होते, मजकूर तेवढाच राहतो. म्हणून माझं सांगणं एकच : गाडीत वाजते आहे म्हणून मूळ फाईल पुसू नका. जागा कमी पडत असेल तर ती 'फ्लॅक'मध्ये ठेवा. त्यात काहीही टाकलं जात नाही, फक्त घट्ट घडी घातली जाते.

मूळ जपल्यानं काय होतं, याचं उदाहरण आमच्या तालुक्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम उभारलं. त्या कामात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. तेव्हा मोबाइलवर गाणी ऐकण्याची सोय नव्हती. ती ध्वनिमुद्रणं सांभाळली गेली, म्हणूनच वीसेक वर्षांनी 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ओव्या पुन्हा लोकांच्या कानी पडल्या.

पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. ओव्या पाठ असलेल्या बाया आता गावात थोड्याच उरल्या आहेत. तेव्हा मूळ फाईलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा. सोबत गाणारीचं नाव, माहेर, सासर आणि तारीख लिहून ठेवा. उद्या नातवंडांची गाडी आणि तिचा टेप कसा असेल कोण जाणे. मूळ हाताशी असेल, तर त्याजोगी नक्कल तेव्हाही करता येईल.