खांदा दुखतो, पण आधी टाच बघू

पुण्यात अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गात नवा माणूस आला की त्याला आधी नीट उभं राहायला शिकवतात. आमच्या वर्गात साठीचे एक काका खांद्याचं दुखणं घेऊन आले होते. शिकवणाऱ्या ताईंनी खांद्याला हातही लावला नाही. मागे जाऊन त्यांनी टाचा पाहिल्या. "काका, सगळा भार डाव्या पायावर टाकताय. उजव्या अंगठ्याचं मूळ खाली दाबा. गुडघ्याच्या वाट्या वर ओढा." काकांनी तसं केलं आणि कंबर सरळ झाली, छाती उघडली, पुढे झुकलेले खांदेही थोडे मागे गेले. मग कुठे हात वर घ्यायची वेळ आली.

ही पद्धत घडवणारे बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात योग शिकवायला आले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर अशा आजारांनी त्यांची प्रकृती पार खालावली होती. त्यामुळे न वाकणारं शरीर म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. लाकडी वीट, पट्टा, लोड, घडीची खुर्ची, भिंतीतले दोर ही साधनं त्यांनी शिकवण्यात आणली ती याच जाणिवेतून.

त्रिकोणासनात विटेचं काम स्पष्ट दिसतं. हात जमिनीला टेकवायच्या हट्टापायी बहुतेकांचा गुडघा वाकतो, छाती खाली वळते, श्वास अडकतो. घोट्याशी वीट उभी ठेवली की हाताला टेकू मिळतो, पाय ताठ राहतो आणि छाती पुन्हा समोर वळते.

मध्येच ताई हाक मारतात, "सगळे इकडे या!" एकाला आसन करायला लावून बाकीच्यांना विचारतात, "याचं काय चुकतंय?" पहिल्यांदा कुणालाच काही दिसत नाही. हळूहळू वळलेलं पाऊल, कलती कंबर नजरेत भरू लागते. मग तोच दोष आपल्या अंगात, आणि पुढे जिना चढताना, बसथांब्यावर उभं असतानाही कळायला लागतो. वर्गाची खरी कमाई हीच.

दुखणं जुनं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. वर्ग निवडण्यापूर्वी एकदा नुसते बघायला जा. शिक्षक समोर बसून फक्त स्वतःच आसनं करून दाखवत असतील, तर दुसरा वर्ग शोधा.