गुहेतल्या थेंबांत मान्सूनची नोंद

भूशास्त्रीय कालगणनेत २०१८ मध्ये एका नव्या कालखंडाची भर पडली. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या आणि आजही चालू असलेल्या या कालखंडाला ‘मेघालयन’ असे नाव देण्यात आले. त्याच्या प्रारंभाचे प्रमाण म्हणून निवडला गेला तो मेघालयातील सोहरा, म्हणजेच चेरापुंजीजवळच्या मॉमलूह गुहेतील एक ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ.

छतावरून ठिबकणारे पाणी इतकी जुनी नोंद कशी ठेवते? याचे उत्तर कार्बन डायऑक्साइडच्या प्रवासात आहे. मोकळ्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असतो. मातीत मात्र मुळांच्या श्वसनामुळे आणि पालापाचोळा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. मातीतून झिरपणारे पावसाचे पाणी हा वायू शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि खालची चुनखडी विरघळवत जाते. असे चुनायुक्त पाणी छताशी पोहोचते, तेव्हा गुहेच्या हवेत कार्बन डायऑक्साइड तुलनेने कमी असतो. थेंबातील जादा वायू निसटतो आणि कॅल्साइटचा अतिसूक्ष्म थर साचतो. पाणी सुकून चुना मागे उरतो, हा समज प्रचलित असला तरी दमट गुहेत बाष्पीभवनाचा वाटा अल्पच असतो.

या थरांत ऑक्सिजनची जड आणि हलकी समस्थानिके अडकून राहतात. मान्सून जोमदार असता जड ऑक्सिजनचे प्रमाण घटते, तो क्षीण झाल्यास वाढते. थरांचे वय युरेनियम आणि थोरियमच्या प्रमाणावरून काढता येते. मॉमलूहच्या स्तंभात ४२०० वर्षांपूर्वीच्या सुमारास क्षीण मान्सूनची खूण आढळली. तो दुष्काळ किती व्यापक आणि किती सलग होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

मतभेदांना वाव राहतो, कारण ही नोंद केवळ पावसावर अवलंबून नसते. गुहेत हवा खेळती असेल तर थर वेगाने साचतो; हवा कोंडून कार्बन डायऑक्साइड वाढला, की वाढ मंदावते किंवा थांबते. म्हणजे काही ऋतूंची नोंद ठळक, तर काहींची पुसट उरते. कोरड्या काळात खडकाच्या भेगांत हवा शिरते आणि काही कॅल्साइट वाटेतच साचून जाते. अशा थेंबात कॅल्शियमच्या तुलनेत मॅग्नेशियम अधिक आढळते. म्हणूनच स्तंभ वाचण्यापूर्वी गुहेतील हवा आणि ठिबकणारे पाणी यांची वर्षभर मोजणी करणे अगत्याचे ठरते.

हा समतोल माणसामुळे सहज ढळतो. उच्छ्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. फ्रान्समधील प्रागैतिहासिक चित्रांची लास्को गुहा १९६३ मध्ये पर्यटकांसाठी बंद करावी लागली. प्रेक्षकांच्या श्वासातील वायू आणि बाष्प हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

मेघालयात धोका गुहेच्या माथ्यावरही आहे. सिमेंटसाठी तेथे चुनखडीचे उत्खनन चालते. वरचे जंगल आणि माती गेली, तर पाण्याला कार्बन डायऑक्साइड पुरवणारा स्रोतच आटतो आणि थेंबांचे रसायन बदलते. मॉमलूहचा समावेश २०२२ मध्ये जगातील पहिल्या शंभर भूवारसा स्थळांत झाला. तिचे जतन करायचे, तर संरक्षणाची हद्द गुहेच्या तोंडाशी थांबवून चालणार नाही. माथ्यावरची मातीही तिच्यात धरावी लागेल.