‘हॉइक’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी पुस्तक वाचतांना एखादें अपरिचित क्रियापद आलें, कीं विद्यार्थी कोश उघडतो, पहिला दिसलेला मराठी शब्द वहींत उतरून घेतो, आणि अर्थ समजला असें मानून पुढें जातो. तो अर्थ बहुधा खोटा नसतो. परंतु अपुरा असतो. ‘लिफ्ट’, ‘हॉइस्ट’, ‘हीव्ह’ व ‘हॉइक’ या चारही शब्दांपुढें ‘उचलणें’ असें लिहितां येईल. मग एकाच क्रियेस चार शब्द कशास हवेत?

याचें उत्तर आपल्या लासलगांवांतच मिळतें. मेजावरचें पुस्तक आपण सहज उचलतों, तें ‘लिफ्ट’. १५ ऑगस्टला दोरीनें ध्वज वर चढवितात, तें ‘हॉइस्ट’. कांद्याच्या खळ्यावर दोन हमाल भरलेली गोणी दोन्ही बाजूंनीं धरून, दम घेऊन ट्रकमध्यें चढवितात, तें ‘हीव्ह’. त्यांत भार आहे व श्रमही आहेत. आणि शाळा सुटल्याची घंटा होतांच जो मुलगा दप्तराचा पट्टा धरून एका हिसड्यासरशी तें खांद्यावर घेतो, त्याची क्रिया ‘हॉइक’. धांवतां धांवतां ढिली चड्डी वर ओढणें, किंवा पाटाच्या कांठीं वांकलेल्या लेंकरास आईनें दंडाला धरून एकदम वर घेणें, हेंही ‘हॉइक’च होय. विहिरींतून पोहरा सावकाश शेंदला, तर मात्र हा शब्द चालणार नाहीं. सारांश, उचलणें किंवा ओढणें, तेंही अकस्मात् व कांहींशा आडदांडपणानें, असा याचा पूर्ण अर्थ आहे.

हा शब्द फार जुना नाहीं. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारांत आला, व ‘हाइक’ या शब्दाचेंच तें रूपांतर असावें, असा कोशकारांचा तर्क आहे. म्हणून मोल्सवर्थ व कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशांत तो शोधूं नये. पहिल्या महायुद्धाच्या काळांत वैमानिक विमानाचें नाक एकदम वर उचलण्यास हा शब्द योजूं लागले. क्रिकेटमध्यें फलंदाजानें बॅट आडवी फिरवून चेंडू उंच भिरकावला, तर त्या ओबडधोबड फटक्यासही हेंच नांव देतात. अमेरिकेंत या अर्थी ‘यँक’ हा शब्द अधिक रूढ आहे.

अर्थाइतकेंच शब्दाचें स्थानही जाणलें पाहिजे. ‘हॉइक’ हा घरगुती बोलण्यांतला शब्द आहे. गोष्टींत, संवादांत, मित्राच्या पत्रांत तो शोभतो. मुख्याध्यापकांस लिहिलेल्या अर्जांत किंवा परीक्षेंतील गंभीर निबंधांत तो शोभत नाहीं. तेथें ‘लिफ्ट’ किंवा ‘पुल’ हाच शब्द बरा.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही लक्षांत घ्यावी. घरचे, शेतावरचे शब्द गांवढळ आहेत असें समजून पुष्कळ मुलें ते वर्गांत उच्चारावयास लाजतात, आणि प्रत्येक ठिकाणीं ‘उचलणें’ हा एकच शब्द वापरितात. परंतु ‘हॉइक’चें खरें भाषांतर त्या लाजविलेल्या शब्दांतच आहे. हिसका, हिसडा हे शब्द कांहीं अडाणीपणाचे नव्हेत. मोल्सवर्थसाहेबांनीं ते आपल्या मराठी कोशांत आदरानें नोंदविले आहेत. शेंदणें, उपसणें, उपटणें, हिसडणें यांतील भेद ज्या मुलाला आपल्या आईबापांच्या कामांतून कळला आहे, त्याला इंग्रजी शब्दांतील भेद समजावयास अवघड जाणार नाहीं. ज्यानें हे शब्द टाकून दिले, त्याला मात्र परक्या भाषेंतील बारकावा धरावयास हातांत कांहींच उरत नाहीं. यास्तव नवा इंग्रजी शब्द भेटला, म्हणजे कोश अवश्य पहावा. आणि मग घरीं विचारावें, ‘आपण याला काय म्हणतों?’