बशीतले पोहे आणि केसपेपरवरचा आहार

माळव्यात मराठी माणूस स्थिरावला, त्याला आता अडीच शतकांहून अधिक काळ लोटला. होळकरांच्या सैन्याबरोबर काही घराणी आली. १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदुरास आल्यावर कारभार, शिक्षण, वैद्यक अशा निमित्ताने आणखी कुटुंबे आली आणि इथलीच होऊन गेली. भाषा आपण जपली, गणेशोत्सव जपला, दिवाळीचा फराळ जपला. सकाळच्या न्याहारीत मात्र माळव्याने आपल्याला पुरते आपलेसे केले. घरी मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीचे कांदेपोहे होतच असतात. पण रविवारी पाय वळतात ते कोपऱ्यावरच्या दुकानाकडे. तिथे बडीशेपेचा मंद वास असलेले, वाफाळते, किंचित गोडसर पोहे मिळतात. वर शेव, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि चिमूटभर जिरावन. शेजारी गरम जलेबी. ‘जिलेबी’ म्हणणारा मनुष्य बाहेरगावचा, हे इंदुरात लगेच ओळखू येते!

या न्याहारीविषयी आपण वैद्यकीय व्यावसायिक रुग्णाला बहुधा एकच वाक्य ऐकवतो : “बाहेरचे खाणे बंद.” वाक्य सोपे आहे, वेळ वाचवणारे आहे, परंतु त्याचा परिणाम काय होतो? खाणे बंद होत नाही, सांगणे बंद होते. पुढच्या खेपेस रुग्ण “सकाळी दोन पोळ्या आणि दूध” असे सांगतो, केसपेपरवर तसे लिहिले जाते आणि वाढलेल्या साखरेवर गोळीचा डोस वाढवला जातो. जो आहार प्रत्यक्षात घेतलाच जात नाही, त्याच्या आधारे औषध ठरवणे धोक्याचे आहे. म्हणून ‘बाहेरचे’ या एका शब्दात सारे कोंबण्यापेक्षा त्या बशीत नेमके काय असते, हे समजून घेणे आणि समजावून सांगणे अधिक हिताचे.

वाफेचे महत्त्व

इंदुरी पोह्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या ठेवण्यात आहे. खाली उकळत्या पाण्याचे पातेले आणि वर पोह्यांची परात किंवा कढई, अशी रचना असते. पोहे तेलात परतत राहण्याऐवजी वाफेवर गरम आणि मऊ राहतात, त्यामुळे तेल बेताचेच लागते. याचा दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा. तांदळाच्या पदार्थांत बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकून राहू शकतात. शिजलेला पदार्थ तासन्‌तास कोमट राहिला की त्यांची वाढ होते. त्यांचे उलटी घडवणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात ठेवावे, हा नियम त्यासाठीच. तेव्हा ज्या परातीतून सतत वाफ निघते आहे, ती शास्त्रालाही मान्य होणारी. वाफ विझलेली, पोहे कोमट झालेले, दुपारचे बारा वाजत आलेले, अशा वेळी तेथून पुढे जावे हे उत्तम.

वरून पडणारा कच्चा कांदा, कोथिंबीर आणि पातळ चटणी यांना मात्र ही वाफ मिळत नाही. ते कोणत्या पाण्याने धुतले, झाकून ठेवले की उघडे, हे पाहावे. पावसाळ्यात गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी हा भाग टाळलेलाच बरा. लिंबू पुरेसे आहे.

बशीचा हिशेब

पन्नास ग्रॅम कोरड्या पोह्यांतून सुमारे १७५ कॅलरी आणि ३८ ग्रॅम कर्बोदके मिळतात; प्रथिने जेमतेम तीन-चार ग्रॅम. म्हणजे ही बशी हलकी असली तरी एकांगी आहे. तिला जोड हवी ती प्रथिनांची आणि तंतूंची. सुदैवाने ती इंदुरातच उपलब्ध आहे. उसळ-पोहे मागवावेत, तर्री कमी आणि दाणे अधिक घ्यावेत. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह अधिक शोषले जाते, तर चहामुळे ते शोषण घटते. म्हणून रक्तक्षय असलेल्या भगिनींनी लिंबू आवर्जून पिळावे आणि चहा तासाभराने घ्यावा.

शेव आणि जिरावन यांत मीठ दडलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. रक्तदाब, हृदयाची दुर्बलता किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने दुकानदारास आधीच “शेव-जिरावन वेगळे द्या” असे सांगावे. मालवी माणूस आग्रही असला तरी ऐकणारा आहे.

जलेबी आणि औषधे

जलेबी म्हणजे मैदा, तळण आणि पाक. मधुमेह्यासाठी ती रोजची न्याहारी होऊ शकत नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. सणावारी एखादे वेटोळे खायचे झाले, तर ते उपाशीपोटी सुरुवातीला नव्हे. आधी उसळ, मग थोडे पोहे, शेवटी तो घास. प्रथिने आणि तंतू आधी पोटात गेल्यास जेवणोत्तर साखरेची उसळी कमी होते. त्यानंतर रिक्षा न करता दहा-पंधरा मिनिटे पायी घरी यावे. स्नायू ती साखर वापरू लागतात.

याउलट एक गैरसमज दूर केला पाहिजे. साखर अचानक उतरली, घाम फुटला, हात थरथरू लागले, की अनेकजण जलेबी शोधतात. तळणातील स्निग्धांशामुळे तिच्यातील साखर रक्तात पोहोचण्यास उशीर लागतो. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि त्यानंतर खायला द्यावे. रुग्ण शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.

रविवारच्या गर्दीचाही औषधांशी संबंध आहे. जलद परिणाम करणारे इन्सुलिन घरून टोचून निघायचे आणि दुकानापुढे पाऊण तास ताटकळायचे, यातच साखर उतरण्याचा धोका असतो. बशी हाती येण्याची खात्री झाल्यावरच ते घ्यावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन न्याहारी लांबवणेही तितकेच अयोग्य. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबावे. फिरून येताना गोळी आणि लगोलग चहा-पोहे, या सवयीने औषधाचा प्रभाव कमी होतो.

तेल, कागद आणि कायदा

पोह्यांहून अधिक लक्ष द्यायला हवे ते शेजारच्या कढईकडे. कचोरी, समोसा, जलेबी तळताना तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक ध्रुवीय संयुगे साठतात. ही संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मनाई केली आहे. ग्राहकाजवळ मोजण्याचे साधन नसते; परंतु काळवंडलेले, चिकट, फेसाळणारे, लवकर धूर सोडणारे तेल डोळ्यांना आणि नाकाला कळते. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ देण्यासही नियमांनी बंदी आहे, कारण शाईतील रसायने गरम, तेलकट पदार्थात उतरतात. आपण बशी मागावी किंवा घरून डबा न्यावा. याच प्राधिकरणाने २०१९ मध्ये इंदूरच्या ‘छप्पन दुकान’ परिसरास स्वच्छ खाद्यपथाचा दर्जा दिला. देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत आपले शहर सतत पहिले राहिले. २०२३ चा मान सुरतेसह मिळाला. ज्या शहराने कचरा वेगळा करण्याची सवय लावून घेतली, त्याला तेल बदलण्याची सवय जड नाही. मात्र ग्राहकाने तसे विचारायला हवे.

शेवटचा मुद्दा आहाराचा असून आहारापलीकडचा आहे. मुले पुण्याला किंवा परदेशी, घरात दोघेच किंवा एकटेच, अशी कुटुंबे आपल्या समाजात वाढत आहेत. सकाळी फिरून आल्यावर चार समवयस्कांसह उभ्याने खाल्लेली अर्धी बशी, हा त्यांच्यापैकी अनेकांचा दिवसातला पहिला संवाद असतो. “बाहेर जाऊ नका” असे सांगताना आपण तो संवादही काढून घेत नाही ना, याचा विचार चिकित्सकाने करावा.

तेव्हा समव्यवसायी बंधुभगिनींना विनंती अशी, की ‘बाहेर खाता का?’ असे दटावून न विचारता ‘कुठे खाता, काय खाता, बरोबर कोण असते?’ असे विचारावे. वाचकांना विनंती, की खरे उत्तर द्यावे. अर्धी बशी पोहे, वर उसळ, लिंबाची फोड, शेव वेगळी आणि जलेबी सणापुरती, एवढे जरी केसपेपरवर खरेखुरे लिहिले गेले, तरी पुढची औषधयोजना अधिक अचूक होईल.