मिसोची वाटी

परदेशी पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात शिरला की त्याच्या मागोमाग त्याची स्तुतिस्तोत्रेही येतात. एके काळी चहाच्या बाबतीत हे घडले, पुढे सोयाबीनच्या बाबतीत घडले, आणि आता जपानच्या मिसो सूपची पाळी आलेली दिसते. जपानी माणूस दीर्घायुषी असतो, तो मिसो पितो, सबब आपणही मिसो प्यावा, असा सरळसोट हिशेब मांडला जातो. या सूपला आमचा विरोध नाही. भरपूर भाजी घालून ते घरी व्हावे असेच आम्हांस वाटते. परंतु या हिशेबात बुरशी आणि मीठ या दोन रकमा गाळलेल्या असतात, आणि त्या जाणून घेण्यास टोकियो गाठावे लागत नाही, हैदराबादपर्यंत गेले तरी पुरते.

हैदराबादचे विद्यानगर ही उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारची वसाहत. आमच्या वाचकांना ती अगदीच परकी वाटू नये. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांनी आयुष्याची अखेर हैदराबादेतच काढली, आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांच्या नावाचे रुग्णालय विद्यानगरात आहे. तेथून विद्यापीठाचा परिसर ओलांडला की तारनाक्याच्या बाजूस राष्ट्रीय पोषण संस्था लागते. सर रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे एका खोलीत थाटलेली ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस आली. आपण काय खातो आणि त्याने आपले काय होते, याचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास करणारी दुसरी अशी संस्था देशात क्वचितच असेल.

मिसो म्हणजे सोयाबीनचा आंबवलेला, खारट, लोण्यासारखा मऊ लगदा. वाफवलेल्या तांदळावर किंवा जवावर 'कोजी' नावाची बुरशी वाढवतात, ती मिठासह शिजलेल्या सोयाबीनमध्ये कालवतात आणि काही आठवड्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत मुरत ठेवतात. बुरशीची पाचकद्रव्ये सोयाबीनमधील प्रथिने फोडतात, आणि त्यातून ती भरीव, जिभेवर रेंगाळणारी रुची येते. समुद्रशेवाळाच्या काढ्यातील अशाच रुचीचे मूळ ग्लूटामेटमध्ये आहे हे किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली दाखवून दिले.

आंबवणे आम्हांस नवे नाही. सुरेने फुगणारी सान्नां, आंबोळ्या, आंबील हे सारे आमच्याच घरचे. पण ती किमया एका रात्रीची, जीवाणूंची आणि किण्वाची. बुरशीशी मात्र आमचे कधी जमले नाही. लोणच्यावर पांढरी साय दिसली की बरणी रिकामी करणारी आजी प्रत्येक घरात होऊन गेली आहे. ती आजी शहाणी होती, हे १९७४ साली सिद्ध झाले. त्या वर्षी राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका गरीब आदिवासींनी नाइलाजाने खाल्ला. गावोगाव कावीळ आणि जलोदर पसरला व शंभरावर माणसे दगावली. हैदराबादच्या याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन शोध घेतला, तेव्हा मक्यावरील बुरशीचे ॲफ्लाटॉक्सिन हे विष हाती लागले. ते निर्माण करणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही कोजीची, म्हणजे ॲस्परजिलस ओरायझीची, अगदी जवळची भाऊबंद. जपान्यांनी शतकानुशतके निवडून, पाळून कोजीला माणसाळवले. आपल्या भातावर आपोआप उगवणारी बुरशी मात्र रानटीच असते. नुसत्या डोळ्यांना त्यांतील भेद कळत नाही, आणि नेहमीच्या शिजवण्याने ते विष जातही नाही. म्हणून सूप घरी करावे, मिसो मात्र विश्वासाच्या कारखान्याचा विकत आणावा. 'घरच्या घरी कोजी' करण्याची हौस कोणी सुचविली तर तिला स्पष्ट नकार द्यावा.

आता मीठ. नेहमीच्या मिसोत वजनाच्या सुमारे बारा टक्के मीठ असते. पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारसूत्रांनुसार माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमहून अधिक मीठ खाऊ नये. जपानी रीतीच्या एका वाटीतच सव्वा-दीड ग्रॅम मीठ पोटात जाते. मिठागरांच्या किनाऱ्यावर राहून खारवलेले मासे, पापड आणि लोणचे यांवर वाढलेल्या आम्हां लोकांना ही भर परवडणारी नाही. जपानलाही ती परवडली नव्हती. मिसोसाठी प्रसिद्ध असलेल्या नागानो प्रांतात एके काळी पक्षाघाताने फार माणसे मरत. तेथे १९८० च्या दशकात मीठ कमी करण्याची मोहीम निघाली. स्वयंसेविकांनी घरोघर जाऊन सूपमधील मीठ मोजले, आणि वाटीत भाजी वाढवा, रस घटवा, असे सांगितले. १९९० साली पुरुषांच्या आयुर्मानात नागानो जपानात पहिला आला. ते सारे श्रेय एका सूपला देणे भाबडेपणाचे ठरेल. पण तेथल्या लोकांनी मिसो सोडला नाही, त्यातले पाणी आणि मीठ कमी केले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कृती सोपी आहे. चार वाट्यांसाठी साधारण तीन पेले पाण्यात कोम्बू या सुक्या समुद्रशेवाळाचा बोटभर तुकडा अर्धा तास भिजवावा, मंद आचेवर तापवावा आणि उकळी येण्यापूर्वी काढून टाकावा. शेवाळ न मिळाल्यास सुकी अळंबी भिजवून तिचे पाणी घ्यावे. जपानात याच पाण्यात सुकवलेल्या माशाचा कीस घालतात. सोमवार किंवा श्रावण पाळणाऱ्यांनी म्हणूनच मिसोच्या डब्यावरील मजकूर वाचावा, कारण 'दाशी' घातलेल्या मिसोत बहुधा मासळी असतेच. पाण्यात आधी मुळा, गाजर, तांबडा भोपळा शिजवावा. मग कोबी, आणि शेवटी पालक किंवा तांबडी भाजी व टोफूचे तुकडे. भाज्या इतक्या असाव्यात की वाटीत चमचा उभा राहावा. आच बंद केल्यावर दोन सपाट मोठे चमचे मिसो पळीभर गरम रसात कालवून ओतावा. यानंतर उकळू नये, सुवास उडतो. वरून मीठ मुळीच घालू नये. असे केल्यास वाटीमागे मीठ एक ग्रॅमच्या आसपास राहते. रक्तदाब असलेल्यांनी आपल्या वैद्याला विचारल्यावाचून हे रोजचे करू नये.

उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर हे सूप चांगले जाते. त्या दिवशी लोणच्याची फोड मात्र बरणीतच राहू द्यावी. उघडलेला डबा शीतकपाटात ठेवल्यास कित्येक महिने टिकतो, तेव्हा प्रथम लहानच आणावा.