सूर्याकडे पाठ करून
(अंगणातलं विज्ञान : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण वाटी, तांब्या आणि बादली घेऊन मुलांबरोबर पाणी मोजलं. त्यानंतर एका आईने विचारलं, "माझा पाच वर्षांचा मुलगा रोज विचारतो, सूर्य रात्री कुठे झोपायला जातो? त्याला काय सांगू?" या आठवड्याचा विषय त्या प्रश्नातूनच निघाला. माझं उत्तर असं की, सांगायची घाई करू नका. आधी एक खडू शोधा.

सूर्य शिकवायचा म्हटलं की आपल्या मनात तप्त वायूचा गोळा, आठ ग्रह, प्रकाश आणि उष्णता असली यादी तयार असते. मूल ती पाठही करतं. पण पाच वर्षांच्या मुलाची ओळख सूर्याशी नसते, उन्हाशी असते. सूर्याकडे तर त्याने बघायचंसुद्धा नाही. ऊन मात्र त्याच्या पाठीवर पडतं, पायाला चटके देतं, दुपारी खेळायला जाण्याच्या आड येतं. आपल्या भाषेत या दोहोंना दोन वेगळे शब्द आहेत, हे शिकवणाऱ्याला फार सोयीचं. सूर्य तिकडे वर, ऊन इथे अंगणात. त्या उन्हालाही कोवळं, तिरपं, टळटळीत, रणरणतं, कलतं अशी किती रूपं! शाळेत जाण्याआधीच मुलाने यातली दोन-तीन तरी ऐकलेली असतात. बालवाडीत बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की लहान मुलाला सूर्य शिकवायचा तो उन्हातून आणि सावलीतून, म्हणजे सूर्याकडे पाठ करून.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्या पावणेसहा वर्षांच्या नातीला मी सकाळी आठ वाजता गच्चीवर नेलं. ती उभी राहिली, मी तिच्या पावलांभोवती खडू फिरवला आणि मग सावलीची कड आखली. सावली तिच्या उंचीच्या दुपटीहूनही लांब होती. "आजी, माझे पाय बघ केवढे!" म्हणून ती खूश झाली. दहा वाजता आम्ही परत वर गेलो. तिने आखलेल्या पावलांवर बरोबर पावलं ठेवली आणि खाली बघितलं. सावली खडूच्या रेघेत मावायला तयार नव्हती. ती आखूड झाली होती आणि एका बाजूला सरकली होती. मग पोरीने जे केलं ते मी विसरणार नाही. सावलीला परत रेघेत बसवण्यासाठी ती डावीकडे झुकली, कमरेत वाकली, एक खांदा खाली घेऊन बघितला. काही जमेना, तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, "पण मी तर हललेच नाही!"

मी गप्प राहिले. आपण मोठी माणसं नेमकी इथेच बोलतो आणि घोळ करतो. साडेबाराला गच्ची तापली होती, म्हणून चपला घालून गेलो. सावली जेमतेम वीतभर उरली होती. चार वाजता ती पुन्हा लांब झाली, पण सकाळच्या अगदी उलट बाजूला. एकाच पावलांच्या जोडीतून चार सावल्या निघालेल्या बघून ती बराच वेळ बसून राहिली. "मी हलले नाही, मग कोण हललं?" हा प्रश्न आता तिचा स्वतःचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरात गरगर फिरलो. एका जागी उभं राहून स्वतःभोवती फिरलं की कपाट, खिडकी, दार सगळं उलट दिशेने पळताना दिसतं. एसटीच्या खिडकीतून झाडं मागे पळतात हे तिला माहीतच होतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतो, ही गोष्ट मी एका वाक्यात सांगितली आणि सोडून दिली. रात्री आठला न्यू जर्सीतल्या तिच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मावशीच्या खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलं होतं. "सूर्य झोपला नाही, मावशीकडे गेलाय," असा निष्कर्ष तिने काढला. तो अपुरा आहे, पण योग्य वाटेवरचा आहे. पाच वर्षांच्या मुलाचं प्रत्येक वाक्य लगेच दुरुस्त करू नये. सूर्य उगवला, सूर्य मावळला असं तर खगोलशास्त्रज्ञही म्हणतात.

आता अंतराची गोष्ट. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे, हे सांगून मुलाच्या हाती काहीच लागत नाही, कारण त्याच्या लेखी कोटी आणि हजार सारखेच. त्यापेक्षा मोकळ्या मैदानावर जा. एका टोकाला जेवणाचं मोठं ताट भिंतीला टेकवून ठेवा. तो सूर्य. तिथून मुलाला शंभर पावलं मोजत चालू द्या आणि शंभराव्या पावलाला त्याच्या तळहातावर ज्वारीचा एक दाणा ठेवा. ती आपली पृथ्वी. लहान मुलाचं पाऊल हातभराचं धरलं तर हे माप बरंचसं बरोबर येतं, कारण सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे आणि आपलं त्याच्यापासूनचं अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट आहे. चंद्र हवा असेल तर खसखशीचा एक दाणा ज्वारीपासून अर्ध्या वितीवर धरा. आता मुलाला मागे वळून ताटाकडे बघायला सांगा. मधल्या मोकळ्या जागेचं मुलांना फार आश्चर्य वाटतं. एवढं अंतर तोडून प्रकाश आपल्यापर्यंत सुमारे आठ मिनिटं वीस सेकंदांत पोचतो.

याच मैदानावर भारताचं 'आदित्य एल-१' यानही दाखवता येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून निघालेलं हे यान ६ जानेवारी २०२४ ला आपल्या जागी पोचलं. ती जागा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे आपल्या शंभर पावलांमधलं, ज्वारीच्या दाण्यापासून ताटाकडे परत निघाल्यावरचं पहिलं पाऊल. यान सूर्यावर उतरलं असं कितीतरी मुलांना वाटतं. ते एकच पाऊल चालून दाखवलं की तो गैरसमज तिथल्या तिथे जातो. त्या यानावरची सूर्याचे अतिनील किरणांतले फोटो काढणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेत आकाराला आली, हेही मुलांना जरूर सांगा.

सूर्याकडे थेट बघायचं नाही, हा नियम मात्र कडक ठेवा, आणि त्याचं कारणही सांगा. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही. इजा होत असताना दुखत नाही, म्हणून मूल बघतच राहतं. मग सूर्याचं बिंब बघायचं कसं? आंब्याखाली जाऊन. पानांच्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी जमिनीवर पडणारे कवडसे गोल असतात, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं एक चित्र आहे. बारीक फटीतून आत येणारा प्रकाश फटीचा आकार दाखवत नाही, तो ज्याच्यापासून निघाला त्याचा आकार दाखवतो. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे होतात. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून पांढऱ्या कागदावर कवडसा पाडला तरी चालतं, फक्त बघायचं ते कागदाकडे.

मुलं सहा-सात वर्षांची झाली की वर्षभराची नोंद सुरू करता येते. घरात पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळची तिरीप समोरच्या भिंतीवर कुठे पडते, तिथे दर रविवारी पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. खुणा एकीकडे सरकत जातील, डिसेंबरच्या शेवटी जवळजवळ थांबतील आणि मग त्याच वाटेने परत फिरतील. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव म्हणजे हीच नोंद आहे, शतकांपूर्वी दगडात केलेली. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या चरणांपासून वर चढत जातात. तेच पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला घडतं. मुलांबरोबर कॅलेंडर उघडून दिवस मोजा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस होतात आणि २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२. दक्षिणेकडे जाताना सूर्य जिथे मावळला, परत येताना तो तिथेच मावळतो. उत्तरायण हा शब्द मुलाला व्याख्येतून कळायचा नाही, या मोजणीतून कळतो.

उन्हामुळे पृथ्वीवर काय काय होतं, हे दाखवायला उन्हाळ्यातलं कोणतंही मराठी घर पुरेसं आहे. गच्चीवर कुरडया घातल्या की विचारा, यातलं पाणी कुठे गेलं? ओला पंजा फरशीवर उमटवून तो नाहीसा होईपर्यंत बघत बसा. आणि एक प्रयोग आवर्जून करा. दोन सारख्या वाट्या घ्या, एकीत कोरडी माती भरा, दुसरीत तेवढंच पाणी, आणि दोन्ही तासभर उन्हात ठेवा. मग मुलाला दोन्हींत बोट बुडवू द्या. माती चांगली तापलेली असते, पाणी नुसतं कोमट. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा येते. कोकणात दुपारी येणारे खारे वारे याच कारणाने येतात, आणि जूनमध्ये आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांमागेही मोठ्या प्रमाणावर हेच घडत असतं. शाळेच्या पुस्तकात मोसमी वाऱ्यांचा धडा येईल तेव्हा ज्या मुलाने लहानपणी त्या दोन वाट्यांत बोट बुडवलं आहे, त्याला तो नवखा वाटणार नाही.

एक चूक मात्र आपणच मुलांना शिकवतो. उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, असं सहज बोलून जातो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडे थंडी असताना, आणि सर्वांत दूर असते ती जुलैमध्ये. उन्हाळा येतो तो पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कागदावर सरळ धरा, मग तिरपा धरा. तिरपा धरल्यावर तोच उजेड जास्त जागेवर पसरतो आणि फिका होतो. लहान मुलाला एवढं पुरे.

मे महिना सावलीचे प्रयोग करणाऱ्यांसाठी खास असतो. आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दिल्लीच्या मुलाची सावली कधीच पूर्ण नाहीशी होत नाही, आपल्या मुलांची होते. जुलै-ऑगस्टमधली दुसरी संधी बहुतेक वेळा ढगांत जाते, म्हणून मेमधली सोडू नका. कोल्हापूरला ६ किंवा ७ मे, सोलापूरला ११ मे, पुण्यात १३ किंवा १४ मे, मुंबईत १५ किंवा १६ मे, नाशिकला २० मे आणि नागपूरला २६ मेच्या आसपास हा दिवस येतो. वेळही गावागणिक वेगळी असते. नागपूरला बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, तर मुंबईत साडेबारा उलटून गेल्यावर. सपाट जागी सरळ उभा स्टीलचा पेला ठेवा, मुलाला टोपी आणि चपला घालून शेजारी उभं करा आणि वीस मिनिटं आधीपासून पेल्याची सावली आखत राहा. त्या दिवशी ढग आलेच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्चीवर जा. एका दिवसात फरक पडतो तो फक्त पाव अंशाचा.