ठरलेला रस्ता बंद असेल तर?

यवतमाळच्या बसस्टँडवर पुसदची गाडी रोजच्या फलाटावर लागली नाही तर आपण काय करतो? थोडं चिडतो, चौकशी करतो अन् दुसऱ्या फलाटाकडे पळतो. स्वमग्न म्हणजेच ऑटिस्टिक मुलाला मात्र अनेकदा एवढा बदलही पेलत नाही. ते किंचाळतं, लोळण घेतं, कधी स्वतःचंच डोकं आपटतं. बघणारे म्हणतात, "लाडावून ठेवलंय पोराला!" आणि आई मान खाली घालते.

हा हट्ट नव्हे. १९४३ साली अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे निरीक्षण करून स्वमग्नतेचे वर्णन केले. 'सगळं जसंच्या तसं राहावं' ही तीव्र ओढ त्यांनी तेव्हाच नोंदवली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राममध्ये 'इफ' आहे, 'एल्स' लिहिलेलाच नाही. अनपेक्षित इनपुट आलं की सिस्टीम हँग! आणि हँग झालेला कॉम्प्युटर थापड मारून सुरू होत नाही.

मग 'एल्स' लिहायचा कसा? अमेरिकेत यासाठी 'अनस्टक अँड ऑन टार्गेट' नावाचा शालेय कार्यक्रम तयार झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यातील मुलांची लवचिकता आणि नियोजन सुधारलेले दिसले. ती मुले बोलणारी होती. न बोलणाऱ्यांसाठी चित्रांचा आधार घ्यावा लागतो. त्यातल्या काही गोष्टी घरीही करता येतात.

१) शब्द द्या : पोळ्याचा बैल ओल्या मातीचाच वळतो, वाळलेली माती मोडते. मूल शांत असताना असे खेळ खेळून 'अडकलो' आणि 'वळलो' हे शब्द शिकवा.

२) आधी सांगा : दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावा. बदल असेल तिथे ठरावीक खूण करा.

३) प्लॅन बी ठरवा : पोळी नसेल तर भाकर. हे जेवणाआधी ठरवायचं, ताटावर नव्हे.

४) सुरुवात सुखाच्या बदलाने करा : फिरायला जाताना आवडीचं एक ठिकाण वाढवा. जमलं की लगेच शाबासकी द्या.

भडका उडाल्यावर मात्र शिकवणी बंद! गर्दी हटवा, आवाज कमी करा, मोजकं बोला. मुलाचं पोट दुखतंय का, झोप झाली का, हेही बघा. सांगता येत नसलं की शरीर बोलतं. आणि वळायचं फक्त त्यानेच असं नाही. एखादी सवय कुणाला त्रास देत नसेल तर ती मोडू नका, तोच त्याचा आधार असतो.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते. शंका असल्यास त्या पथकाला किंवा सरकारी दवाखान्यात जरूर विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे असा मित्र उद्या आपल्याच विंगमध्ये राहायला येऊ शकतो. मेसची वेळ किंवा रूम बदलणार असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगा. रोजच्या खुर्चीवर तोच बसतो म्हणून त्याची थट्टा करू नका. आपल्याला एवढं वळायला काय हरकत आहे?